परदेश दौऱ्यात खाऱ्या-तिखटाची ओढ: काय न्यावे, कधी खावे आणि काय घरीच ठेवावे

वर्धा जिल्ह्यातील आर्वी भागातल्या एका शेतकरी बंधूंनी विचारले आहे की, पुढच्या महिन्यात ते अभ्यासदौऱ्यासोबत बारा दिवसांसाठी नेदरलँड्स आणि जर्मनीला निघाले आहेत, तर सोबत खाण्याचे काय आणि किती न्यावे. त्यांचे काका पूर्वी इस्रायलच्या दौऱ्यावर गेले होते. तिसऱ्या दिवसापासून काकांना तिथले जेवण नकोसे झाले आणि उरलेला दौरा त्यांनी आलूबोंडा, चिवडा आणि तर्री पोह्यांची आठवण काढत पार पाडला. आपलेही तसेच होईल, अशी या बंधूंना धास्ती आहे. शिवाय गटातल्या कोणी तरी त्यांना सुनावले आहे की, एवढ्या दूर जाऊन घरच्या चिवड्याची आठवण काढणे हा गावंढळपणा आहे, आणि ते त्यांच्या मनाला लागलेले दिसते.

भाऊ, मी अमरावती जिल्ह्यातून शेतकऱ्यांचे गट घेऊन परदेशी जाण्याचे काम बरीच वर्षे करते, आणि गटासोबत जाणारा कोरडा फराळ आमच्याच गावच्या बायांकडून करवून घेते. त्यामुळे आपल्या प्रश्नाचे उत्तर मला दोन्ही बाजूंनी देता येईल. मात्र काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हे आधीच सांगते. आपण शाकाहारी आहात की नाही, राहण्याची सोय हॉटेलात आहे की स्वयंपाकघर असलेल्या घरात, विमान मध्ये कुठे बदलायचे आहे, आणि मधुमेह किंवा रक्तदाबाचा त्रास आहे का, यांवर तपशील बदलतील. पण मूळ विचार बदलणार नाही.

आपण प्रश्न "काय न्यावे" असा केला आहे, परंतु खरी अडचण त्याच्या आधीची आहे. काकांचे पोट उपाशी नव्हते. इस्रायलच्या हॉटेलात सकाळच्या जेवणाला काय काय मांडलेले असते, ते मी पाहिले आहे. काकडी, टोमॅटो, दही, पाव, अंडी, ऑलिव्ह यांनी टेबल भरलेले असते आणि माणूस पोटभर जेवून उठतो. तरीही खाल्ल्यासारखे वाटत नाही, कारण आपल्याकडे दिवसाला जे वळण पडलेले असते, ते तिथे मोडते. गावाकडे सकाळचा चहा, मग पोहे किंवा रात्रीची भाकर, दुपारचे जेवण, चारच्या चहासोबत मूठभर फुटाणे किंवा बसस्टँडवरचा आलूबोंडा, आणि रात्री आठ-नऊला जेवण, असा दिवस असतो. यातले चारचे खाणे मोजमापात सर्वांत लहान असते, पण दिवसाचे दोन भाग त्याच्याच आधाराने उभे असतात. परदेशात नेमके तेच नाहीसे होते आणि ओढ तिथूनच सुरू होते.

त्यात घड्याळाची भर पडते. उन्हाळी वेळ चालू असताना, म्हणजे मार्चअखेरीपासून ऑक्टोबरअखेरीपर्यंत, नेदरलँड्स आणि जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असतात, आणि हिवाळ्यात साडेचार तास. याचा अर्थ असा की, उन्हाळ्यात तिथे दुपारचे साडेबारा वाजतात तेव्हा आपल्या शरीराचे चार वाजलेले असतात. यजमान आपल्याला थंड पाव आणि चीज देत असतात आणि शरीर चहा-चिवडा मागत असते. तिथे संध्याकाळचे पाच वाजतात तेव्हा शरीराला रात्रीचे जेवण हवे असते, आणि पहाटे अडीच-तीनला डोळे टक्क उघडतात, कारण गावात तेव्हा सकाळचे सहा-साडेसहा झालेले असतात. पहिले तीन-चार दिवस हा घोळ चालतो. काकांना तिसऱ्या दिवशी जेवण नकोसे झाले, यात मला नवल वाटत नाही. मोडलेली झोप, थंड खाणे आणि नव्या गोष्टी पाहण्याचा शीण हे तिन्ही तोवर एकत्र आलेले असतात.

आता चवीकडे येऊ. युरोपच्या खाण्यात मीठ कमी नसते. चीज आणि पाव दोन्ही चांगले खारट असतात. कमी पडतात त्या तीन गोष्टी: मिरचीचा जाळ, फोडणीचा वास आणि दाताखाली मोडणारा कुरकुरीतपणा. मिरचीतील कॅप्सायसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या संवेदनांना चेतवते, म्हणून तिखट आपल्याला गरम वाटते. ज्याला लहानपणापासून त्याची सवय आहे, त्याला त्याविना जेवण अळणीच लागते, मग त्यात मीठ कितीही असो. मोहरी, हिंग, कढीलिंब आणि लसूण तेलात पडल्यावर येणारा वास तिथल्या स्वयंपाकात जवळजवळ नसतोच. ही कारणे सविस्तर सांगण्याचा हेतू असा की, ओढ कशाची आहे हे कळले म्हणजे ती थोडक्यात भागवता येते. पूर्ण थाळी नेण्याची गरज नसते. तिखट, फोडणी आणि कुरकुरीतपणा या तिन्ही गोष्टी मूठभर चिवड्यात आहेत.

नेदरलँड्समधील वेस्टलँड हा भाग द हेग आणि रॉटरडॅम यांच्या मध्ये आहे आणि काचगृहांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या एका टोमॅटोच्या काचगृहात आमच्या गटासोबत दर्यापूरकडचे एक कापूस-तुरीचे शेतकरी होते. सकाळभर त्यांचे प्रश्न थांबत नव्हते. मुळे मातीऐवजी रॉकवुलच्या, म्हणजे दगडी तंतूंच्या, लाद्यांत कशी वाढतात, निथळलेले पाणी गोळा करून पुन्हा कसे वापरतात, खताचे प्रमाण कोण ठरवते, हे सगळे ते खोदून खोदून विचारत होते. दुपारी पाव, चीज आणि कॉफीसोबत एक बिस्किट असे जेवण झाले आणि त्यानंतर ते एकदम गप्प झाले. मी विचारल्यावर म्हणाले, "जेवन तं झालं जी, पण खाल्ल्यासारखं नाई वाटून राह्यलं." मी पिशवीतली चिवड्याची एक पुडी आणि थोडे फुटाणे त्यांच्या हातावर ठेवले. त्यांनी ते उभ्याउभ्या सावकाश खाल्ले, वरून पाणी प्याले, आणि थोड्याच वेळात ते यजमानांना पाण्याच्या क्षारतेबद्दल विचारत होते. शेतकरी एवढा खर्च करून, शेतीची कामे दुसऱ्यावर सोपवून येतो. त्याचे लक्ष दुपारनंतर केवळ जिभेपायी उडावे, हे मला सहन होत नाही, म्हणून या लहानशा पुडीकडे मी इतक्या गांभीर्याने पाहते.

अनुभवाने माझे एक मत पक्के झाले आहे. ओढ भागवण्याचे दोनच प्रामाणिक मार्ग आहेत. एक, घरचा अस्सल पदार्थ थोडा आणि त्याच्या वेळेवर खाणे. दुसरा, तिथलाच एखादा पदार्थ शोधणे, जो आपल्या पदार्थाचे काम करतो पण त्याच्यासारखा असल्याचा आव आणत नाही. या दोहोंच्या मध्ये जो तिसरा प्रकार आहे, म्हणजे जवळपास तसाच पण तसा नसलेला पदार्थ, तो टाळावा. परदेशातल्या भारतीय हॉटेलातील गोठवलेला समोसा, गरम पाण्यात कालवलेली पाकिटातली "तर्री", मवाळ बटाट्याचा बोंडा, यांनी ओढ शमत नाही, उलट चेवते. तर्रीवर आलेला तेलाचा लाल तवंग, शिजलेला हरभरा आणि वरून कच्चा कांदा हे हॉटेलच्या खोलीत होणे नाही. म्हणून तर्री पोहे आणि आलूबोंडा यांची आठवण परतल्यावरच्या पहिल्या सकाळसाठी राखून ठेवावी आणि तिथे त्यांच्या नावाने काही शोधू नये. बस्स, एवढे ठरवून टाकले की मन बरेच शांत होते.

न्यायच्या गोष्टींमध्ये माझी पहिली पसंती पातळ पोह्यांच्या चिवड्याला आहे. तो हलका असतो, पोटाला जड नसतो आणि नीट केला तर दौरा संपेपर्यंत कुरकुरीत राहतो. मात्र घरी दोन दिवसांत संपणारा चिवडा आणि प्रवासाचा चिवडा यांच्या कृतीत फरक आहे. पोहे आधी कडक उन्हात तापवावेत आणि मग मंद आचेवर इतके भाजावेत की, बोटांत चुरले असता आवाज होऊन भुगा व्हावा. तेल नवे असावे. आधी तळणाला वापरलेल्या तेलाचा चिवडा लवकर खवट होतो, कारण तेलाचे हवेशी संयोग पावणे तापवतानाच सुरू झालेले असते. कढीलिंबाची पाने फोडणीत पूर्ण कडक होऊ द्यावीत, कारण एक जरी पान ओलसर राहिले तरी सारी पुडी सादळते. साखर घालू नये, ती हवेतला ओलावा ओढते. तळलेला कांदाही टाळावा. लसणाचे पातळ काप लाल तळून घातले तर चव भागते. खोबऱ्याचे काप थोडे चालतील, पण खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्या सामानात ठेवू नयेत, कारण सुके खोबरे विमान वाहतुकीत ज्वलनशील माल म्हणून गणले जाते.

चिवडा झाला की परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्यावा. आमच्या बाया सायंकाळी चिवडा करतात आणि सकाळी भरतात, कारण हाताला गार लागणारा ढीगसुद्धा आतून कोमट असतो आणि ती वाफ पुडीत पाणी होऊन बसते. भरताना मोठा डबा नको. जाड प्लॅस्टिकच्या लहान पुड्या कराव्यात, प्रत्येकीत साधारण 50 ग्रॅम, आणि तोंड तापवून बंद करावे. मोठ्या डब्याचे झाकण रोज उघडते, रोज हवा आत जाते, आणि खरे सांगायचे तर पाचव्या दिवशी डबा रिकामा होतो. पुडीचे तसे नाही. आजची पुडी संपली की आजचे खाणे संपले. बारा दिवसांच्या बारा पुड्या आणि पाच-सहा जास्तीच्या, म्हणजे 900 ग्रॅमच्या आतबाहेर, एका माणसाला पुरे होतात. तळण निघण्याच्या चार-पाच दिवसांपूर्वीच करावे, त्याहून आधी नको.

त्याखालोखाल फुटाणे. ज्यांना मधुमेह आहे, त्यांना मी शंकरपाळ्यांऐवजी फुटाणे आणि भाजलेले शेंगदाणेच देते. चकली नेऊ नये असे नाही, पण सामानाच्या फेकाफेकीत तिचा चुरा होतो. कुरडया आणि ज्वारीचे पापड कच्चे नेले तर ते तळायला कढई लागते, म्हणून हॉटेलात उतरणाऱ्यांनी नेऊ नयेत. स्वयंपाकघराची सोय असल्यास पापड मायक्रोवेव्हमध्ये मिनिटभरात भाजले जातात. कोरडी चटणी मात्र प्रत्येकाने न्यावी. शेंगदाण्याची, तिळाची किंवा जवसाची चटणी 150 ग्रॅम पुरते. तिथल्या उकडलेल्या बटाट्यावर, पावावर, सुपात ती भुरभुरली की त्या जेवणाला आपली चव येते. तिथले दही उत्तम असते, त्यात जवसाची चटणी कालवून पावासोबत खाऊन पाहावे. जवसाचे तेल फार लवकर खवट होते, म्हणून ही चटणी निघण्याच्या आदल्या दिवशीच कुटावी आणि ती पहिल्या आठवड्यात संपवावी. ठेचा शक्यतो नेऊ नये, तो ओला असतो आणि बॅगेत फुटला तर कपड्यांची वाट लागते. त्याऐवजी भिवापुरी मिरचीचे तिखट, लसूण आणि मीठ कोरडे कुटून न्यावे.

पहाटे तीनच्या भुकेसाठी वेगळी तयारी हवी. जाडे पोहे फोडणीत परतून, मीठ, हळद आणि किंचित लिंबूसत्त्व घालून कोरडे करावेत आणि एका खेपेच्या पुड्या बांधाव्यात. हॉटेलच्या खोलीत पुडी वाटीत काढायची, पोहे भिजतील एवढेच उकळते पाणी घालायचे आणि पाच मिनिटे झाकून ठेवायचे. पोहे मऊ होतात, पोट गरम होते आणि पुन्हा झोप लागते. भाजलेल्या पिठाची उकडपेंडी अशी जमते, पण गुठळ्या होतात, म्हणून सारखी ढवळत राहावी. ज्वारीच्या कण्यांना शिजायला वेळ लागतो. त्या घरीच ठेवाव्यात. खोलीत किटली असेलच असे नाही, म्हणून लहान किटली न्यावी. युरोपात वीज आपल्यासारखीच 230 व्होल्टची असते, फक्त प्लग वेगळा असल्याने जोड न्यावी लागते. पुढे कधी जपानला गेलात तर तिथे वीज 100 व्होल्टची आहे आणि आपली किटली तिथे पाचव्या हिश्श्याहूनही कमी जोराने तापते, हे लक्षात असू द्यावे. खोलीत फोडणी देऊ नये. धुराची घंटा वाजली तर सारे हॉटेल रस्त्यावर येते आणि भुर्दंडही बसू शकतो.

आता नियमांकडे, आणि इथे मी आपणास विशेष सावध करते. युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून येणाऱ्या प्रवाशांना मांस आणि दुधाचे पदार्थ आणण्यास मनाई आहे. म्हणजे तूप, खवा, पेढे आणि यजमानांसाठी हौसेने घेतलेली नागपूरची संत्रा बर्फीसुद्धा नको, कारण तिच्यात खवा असतो. दूधपावडर मिसळलेला तयार चहाही त्याच कारणाने नको. शंकरपाळे न्यायचेच असतील तर दूध-तूप न घालता, पाणी, साखर आणि तेलावर करावेत, म्हणजे प्रश्नच उरत नाही. ताजी फळे, भाज्या आणि पाने यांना डिसेंबर 2019 पासून रोगमुक्ततेचा दाखला लागतो. केळी, नारळ, अननस, खजूर यांसारखी मोजकी फळे त्यातून सुटली आहेत. म्हणून हिरव्या मिरच्या, कढीलिंब, ओला सांबार म्हणजे कोथिंबीर, आणि मोसमातली संत्री घरीच राहू द्यावीत. पेरणीचे बियाणे कोणी भेट म्हणून नेत असेल तर त्यालाही थांबवावे. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड तर याहून कडक आहेत. तिथे प्रत्येक खाद्यपदार्थ उतरताना जाहीर करावाच लागतो आणि लपवल्यास जागेवर दंड होतो.

खसखशीबद्दल कोणी सांगत नाही, म्हणून मी प्रत्येक गटाला सांगते. संयुक्त अरब अमिरात आणि सिंगापूर येथे खसखस अमली पदार्थांच्या कायद्याखाली निषिद्ध आहे, आणि नागपूरहून युरोपला निघालेले अनेक जण आखाती देशांतल्या विमानतळांवरूनच पुढे जातात. आपल्या घरच्या सावजी मसाल्यात खसखस असते आणि अनारशांवर तर ती डोळ्यांना दिसते. मसाला किंवा अनारसे सामानात असतील तर ते अजाणता नेले होते, हे सांगून सुटका होईलच असे नाही. खसखस असलेला कोणताही पदार्थ नेऊ नये. हाताशी ठेवायच्या बॅगेत चिवडा आणि फुटाणे चालतात, मात्र तिखट, मसाले, लोणचे आणि तेल मोठ्या बॅगेत टाकावे. विमानात हातातल्या सामानात 100 मिलिलिटरपेक्षा मोठ्या बाटलीतले पातळ किंवा लगदा असलेले काही नेता येत नाही, आणि लोणचे आणि ओल्या चटणीची गणना त्यातच होते.

विमानातील जेवण फिके लागेल, त्याची चिंता करू नये. कोरड्या हवेने आणि कमी दाबाने तिथे जिभेची आणि नाकाची शक्तीच मंदावते. एक पुडी तिथे उघडण्यास हरकत नाही, पण आधी शेजारच्या प्रवाशाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे विचारावे. यजमानांना चिवडा देतानाही हे विचारायला विसरू नये. युरोपात काहींना शेंगदाणा जिवावर बेततो.

चहाचे दुःख मोठे आहे. तिथे काचेच्या पेल्यात गरम पाणी आणि सोबत चहाची पुडी देतात, दूध नसते. घरून चहापत्ती आणि सुंठपूड न्यावी, दूध तिथल्या दुकानातून घ्यावे. किटलीत दूध उकळू नये, ते करपून किटली निकामी होते. कपात पत्ती, सुंठ आणि उकळते पाणी घालून पाच मिनिटे झाकावे, गाळून थोडे दूध घालावे. उकळलेल्या चहाची सर त्याला नाही, पण पुडीसोबत तो चालून जातो. जर्मनीत रविवारी बहुतेक दुकाने बंद असतात, रेल्वे स्टेशनवरचीच काय ती उघडी सापडतात, म्हणून दूध आणि दही शनिवारीच आणून ठेवावे.

आता दुसरा मार्ग, जो मला पहिल्याइतकाच प्रिय आहे. नेदरलँड्समध्ये आपल्या जिभेचे नातेवाईक भेटतात, हे आपण तिथे गेल्यावर पाहालच. 1873 पासून बिहार आणि उत्तर प्रदेशाकडचे मजूर करारावर दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम या डच वसाहतीत नेले गेले. 1975 मध्ये सुरिनाम स्वतंत्र झाला, त्या सुमारास त्यांचे हजारो वंशज नेदरलँड्सला येऊन स्थायिक झाले, आणि द हेगमध्ये त्यांची मोठी वस्ती आहे. त्यांच्या दुकानांत "बारा" नावाचा वडा मिळतो. उडदाच्या पिठात हिरवी पाने घालून तो तळतात आणि तिखट चटणीसोबत देतात. तो आपल्या मुंगवड्याची नक्कल करत नाही, तो स्वतःच्या घराण्याचा अस्सल पदार्थ आहे, म्हणूनच तो समाधान देतो. पोटात कोंबडी भरलेला बाराही मिळतो, तेव्हा शाकाहारी असाल तर विचारून घ्यावे. इंडोनेशियाही पूर्वी डच वसाहत होती, त्यामुळे लाल मिरचीचा कुटलेला सांबल तिथल्या साध्या किराणा दुकानातही मिळतो. तो ठेच्याचे काम चोख करतो; फक्त काही सांबलांत कोळंबीची पेस्ट असते, ती बाटलीवर वाचून घ्यावी. जर्मनीत तुर्की लोकांची दुकाने जागोजागी आहेत आणि त्यांत भाजलेले हरभरे, म्हणजे आपले फुटाणेच, "लेबलेबी" या नावाने मिळतात. पुड्या संपल्या तर तिकडे वळावे. काकांनाही सांगा की, इस्रायलमधील फलाफेल हा भिजवलेल्या हरभऱ्यांचा तळलेला वडाच होता, आणि रामला, दिमोना या गावांत कोकणातून गेलेल्या, मराठी जाणणाऱ्या बेने इस्रायल मंडळींची वस्ती आहे. पुन्हा जाणे झाले तर तिथे चौकशी करावी.

शाकाहारी माणसाला फसवणारेही काही तिथे आहे. नेदरलँड्समध्ये बिटरबॉलेन नावाचे गोल, खरपूस तळलेले गोळे मिळतात. दिसायला ते लहान आलूबोंड्यासारखे असतात, पण आत बहुधा गोमांसाचे सारण असते. "क्रोकेट" नावाच्या लांबट गोळ्यातही बहुधा मांसच असते. दौरा बेल्जियमला लागून असेल तर ध्यानात ठेवावे की, तिथे बटाट्याच्या फोडी परंपरेने गाई-बैलांच्या चरबीत तळतात. तिथले लाल पाप्रिका चिप्स लाल दिसतात म्हणून तिखट नसतात. तिखटाच्या आशेने ते घेऊ नयेत. पाकिटांवर दूध, अंडी, मासे, शेंगदाणे ही ॲलर्जीची नावे ठळक छापलेली असतात, मात्र गोमांस आणि डुकराचे मांस ठळक छापण्याचे बंधन नाही, म्हणून पूर्ण यादी मोबाइलवर भाषांतर करून वाचावी.

खर्‍याबद्दल (म्हणजे घोटलेल्या तंबाखू-सुपारीबद्दल) आपण विचारले नाही, पण आपल्या भागातून जाणाऱ्या गटात हा विषय निघतोच. तंबाखू सोडल्यानंतरचे पहिले तीन दिवस सर्वांत अवघड असतात. चिडचिड होते, डोके दुखते, काहीच गोड लागत नाही, आणि माणसाला वाटते की ही घरच्या खाण्याची ओढ आहे. ती तशी नसते आणि चिवड्याने भागत नाही. खर्रा सामानात नेऊ नये. सिंगापूरसारख्या देशात तर चघळण्याची तंबाखू आणण्यावरच बंदी आहे. ज्यांना सवय आहे, त्यांनी निघण्याच्या महिनाभर आधी डॉक्टरांशी बोलून ती कमी करत आणावी. काही जणांचा खर्रा या निमित्ताने कायमचा सुटलेला मी पाहिला आहे आणि त्याचा मला फार आनंद आहे.

राहिला गावंढळपणाचा आरोप. तो मनातून काढून टाकावा. जर्मन माणूस दुसऱ्या देशात गेला की आपला काळा पाव शोधतो, आणि डच कुटुंबे सुट्टीवर निघताना शेंगदाण्याचे लोणी गाडीत टाकतात. ज्या चवीवर माणूस वाढला, ती मागणे लाजिरवाणे नाही. मला खटकते ते वेगळेच: सकाळ-संध्याकाळ डब्यातलेच खाऊन तिथल्या एकाही पदार्थाला हात न लावणे. ज्या यजमानाने आपल्यासाठी टेबल मांडले, त्याच्यासमोर पिशवी उघडून बसू नये. आधी त्याचे थोडे तरी खावे, त्याच्या टोमॅटोची चव घ्यावी, तो कसा पिकवला ते विचारावे, आणि पुडी बसमध्ये किंवा खोलीवर उघडावी. पहिले तीन दिवस पुडी तिथल्या दुपारी खावी, कारण शरीराचे चार तेव्हाच वाजतात. चौथ्या दिवसापासून ती हळूहळू तिथल्या चारवर आणावी. मग शरीराचे घड्याळही तिच्यासोबत सरकते.

तिकीट हाती आले की विमान मध्ये कोणत्या शहरात बदलायचे आहे, ते मला अवश्य कळवावे. आखातातून जाणार असाल तर घरात दळलेला मसाला अजिबात घेऊ नका. चटणीही नव्याने, स्वच्छ खलात कुटलेली असू द्या, कारण त्याच खलात आधी खसखस कुटलेली असण्याचा संभव असतो. चिवड्याला पोहे घेताना यंदाचे, पातळ आणि कोंडा नसलेले घ्यावेत आणि निघण्याच्या आठवडाभर आधी मूठभर भाजून पाहावेत. ते चिवट राहिले तर दुसऱ्या दुकानातून आणायला वेळ हातात राहतो.